धूर, अग्नी आणि परमा : पुरुषांनी ओळखायची लक्षणं

(व्याख्यानाचं शब्दांकन. शेवटी श्रोत्यांच्या चिठ्ठ्यांना दिलेली उत्तरं.)



तत्त्वज्ञान शिकवणारा माणूस गुप्तरोगावर काय बोलणार, असं तुमच्यापैकी काहींच्या मनात आलं असेल. शंका रास्त आहे. माझी डॉक्टरेट ज्या विषयातली आहे त्याने कुणाचा ताप उतरत नाही. (हशा) म्हणून सुरुवातीलाच सांगतो, औषध कुठलं आणि किती, हे मी सांगणार नाही. ते डॉक्टरांचं काम. मी बोलणार आहे ते लक्षणांविषयी. लक्षण म्हणजे काय, त्यावरून काय ठरवता येतं आणि काय ठरवता येत नाही, हा प्रश्न मात्र आमच्या घरचा आहे. आपल्याकडच्या नैयायिकांनी शतकानुशतकं त्यावर डोकं घासलंय.

त्यांचं नेहमीचं उदाहरण तुम्हाला ठाऊक असेल. डोंगरावर धूर दिसतो, त्यावरून आपण म्हणतो, तिथे अग्नी आहे. अग्नी दिसत नाही, धूर दिसतो. धूर ही खूण. न्यायशास्त्रात अशा खुणेला ‘लिंग’ म्हणतात. आजच्या विषयात हा शब्द दोन्ही अर्थांनी लागू पडतो, त्याला माझा इलाज नाही. (हशा)

पण याच शास्त्रात दुसरंही एक उदाहरण आहे, ते फारसं कुणी सांगत नाही. भट्टीतून काढलेला लोखंडाचा लालबुंद गोळा. त्यात अग्नी आहे, धूर नाही. म्हणजे ‘जिथे धूर तिथे अग्नी’ हे बरोबर. ‘जिथे धूर नाही तिथे अग्नी नाही’ हे चूक. आज मी तासभर जे सांगणार आहे ते एवढंच आहे. लक्षण दिसलं तर ते खरं माना. लक्षण दिसलं नाही, किंवा दिसून गेलं, तर त्यावरून स्वतःला निर्दोष ठरवू नका.

नावांचा घोळ

आजचा रोग म्हणजे परमा. डॉक्टरी भाषेत गोनोरिया. हा जुना आणि जगभर पसरलेला आजार आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० या एका वर्षात १५ ते ४९ या वयोगटात याची सुमारे ८ कोटी २० लाख नवी प्रकरणं झाली. त्याचा जोडीदार म्हणावा असा दुसरा आजार क्लॅमिडिया, त्याची त्याच वर्षी सुमारे १२ कोटी ९० लाख. तेव्हा ‘आपल्यासारख्यांना होत नाही’ हे वाक्य बाजूला ठेवा. जंतूला जात, पगार, शिक्षण काही कळत नाही.

या रोगाला माणसांनी नावं मात्र चुकीची दिली. ‘गोनोरिया’ हा मूळ ग्रीक शब्द; अर्थ बीजाचा प्रवाह. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातल्या गेलन या वैद्याची समजूत अशी की जे गळतं ते वीर्य. आपल्याकडेही लोक काय म्हणतात? ‘धातू जातो.’ दोन संस्कृती, एकच चूक. जे गळतं ते वीर्य नसतं, तो पू असतो. जंतूंशी लढून मेलेल्या पांढऱ्या पेशी आणि जंतू, यांचं मिश्रण.

तुम्ही म्हणाल, नावात काय आहे? नावावरून माणूस कुठे जायचं ते ठरवतो हो. ‘धातू जातोय’ म्हटलं की पावलं वळतात ताकदीची औषधं विकणाऱ्या तंबूकडे, भिंतीवरच्या जाहिरातीतल्या ‘गुप्तरोग तज्ज्ञा’कडे. तिथे शक्तिवर्धक पुड्या मिळतात, जंतू आहे तिथेच राहतो.

दुसरं नाव त्याहून निरुपद्रवी वाटतं. ‘उन्हाळी लागली.’ मे महिन्यात पाणी कमी पडतं, लघवी पिवळी होते, जळजळते. आपण धने-जिऱ्याचं पाणी पितो, सब्जा घेतो, दोन दिवसांत बरं वाटतं. ही उन्हाळी खरीच असते. पण उन्हाळीत पू येत नाही. चड्डीवर डाग पडत नाही. जळजळीबरोबर स्राव असेल तर ती उन्हाळी नव्हे, मग महिना मे असो की डिसेंबर.

हा घोळ फक्त सामान्य माणसांचा होता असं समजू नका. जॉन हंटर हा इंग्लंडचा नामांकित शल्यवैद्य. त्याने १७६७ साली परम्याच्या रोग्याचा पू टोचून एक प्रयोग केला. त्या रोग्याला बहुधा उपदंशही असावा, म्हणजे ज्याला आपण गरमी म्हणतो तो. साहजिकच टोचलेल्या जागी गरमीची लक्षणं आली आणि हंटरने निष्कर्ष काढला की दोन्ही रोग एकच. त्याच्या नावाच्या दबदब्यामुळे ही चूक पुढे कित्येक दशकं टिकली. १८३८ मध्ये फिलिप रिकोर या फ्रेंच डॉक्टरने दोन्ही वेगळे असल्याचं दाखवून दिलं आणि १८७९ मध्ये आल्बर्ट नायसरने परम्याचा जंतू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. म्हणजे रोग हजारो वर्षांचा, त्याची नीट ओळख दीडशे वर्षांची.

धूर : काय दिसतं

आता मुद्द्यावर येतो. पुरुषात काय दिसतं?

संबंधानंतर साधारण दोन ते पाच दिवसांत, कधी दोन आठवड्यांपर्यंत, लघवी करताना जळजळ सुरू होते. लोक सांगतात, ‘काच गेल्यासारखं वाटतं.’ पाठोपाठ लिंगाच्या टोकातून स्राव येतो. आधी थोडा, पातळ. मग दाट, पिवळा किंवा हिरवट. सकाळी उठल्यावर पहिल्या लघवीच्या आधी तो जास्त जाणवतो. लघवीच्या जागेचं तोंड लाल होतं, सुजतं, कधी चिकटून बसतं. चड्डीवर पिवळट डाग पडतात. बऱ्याच जणांना पहिली शंका कपडे धुताना येते, आणि आपल्याकडे कपडे कोण धुतं, ते तुम्हाला माहीत आहे.

क्लॅमिडियाची चाल मंद असते. लक्षणं आलीच तर एक ते तीन आठवड्यांनी. स्राव पातळ, पांढुरका किंवा पाण्यासारखा. जळजळ कमी, कधी नुसती खाज. दोन्ही जंतू एकत्र असणंही नेहमीचं आहे. त्यामुळे नुसत्या रंगावरून ‘हा परमा, हा क्लॅमिडिया’ असं घरबसल्या ठरवू नका. धुरावरून अग्नी कळतो, लाकूड कुठलं ते कळत नाही. त्यासाठी तपासणी.

काय लक्षण नाही, तेही सांगतो. तरुण मुलं यानेच जास्त घाबरतात. उत्तेजित झाल्यावर येणारा पारदर्शक चिकट थेंब हा रोग नाही. झोपेत वीर्य जाणं हा रोग नाही, त्याला ‘दोष’ हे नाव आपणच चिकटवलं. हस्तमैथुनाने परमा होत नाही. आणि ज्याला शंका आहे त्याने दर तासाला दाबून पाहू नये. वारंवार पिळल्याने मूत्रमार्ग दुखावतो आणि त्यानेही थोडा स्राव येऊ शकतो. मग भीतीच लक्षण तयार करते.

एक तातडीची गोष्ट. जंतू वर सरकला तर एका बाजूच्या वृषणाला सूज येते, दुखतं, ताप येतो. त्यावर लवकर उपचार लागतोच. पण एखाद्या मुलाचं वृषण अचानक, काही मिनिटांत, असह्य दुखायला लागलं, उलटी झाली, तर संसर्ग आहे की आणखी काही याचा विचार करत बसू नका. वृषणाला पीळ पडलेला असू शकतो. रक्तपुरवठा तुटतो, आणि साधारण सहा तासांच्या आत शस्त्रक्रिया झाली तर वृषण वाचण्याची शक्यता चांगली असते. रात्रीचे दोन वाजले असले तरी थेट मोठ्या रुग्णालयात जा. लाजेपायी सकाळपर्यंत थांबणाऱ्या मुलाचं कायमचं नुकसान होतं. आयांनो, बाबांनो, हे घरी सांगून ठेवा.

लोखंडाचा गोळा : जे दिसत नाही

आता दुसरं उदाहरण. अग्नी आहे, धूर नाही.

मूत्रमार्गातला परमा पुरुषात बहुतेक वेळा लक्षणं दाखवतो, पण सगळ्यांत नाही. क्लॅमिडियात तर निम्म्या किंवा त्याहून अधिक पुरुषांना काहीच जाणवत नाही. मुखमैथुनातून घशात गेलेला परमा बहुधा मुकाच असतो. फार तर घसा खवखवतो. गुदद्वारातला कधी दुखणं, स्राव, रक्त दाखवतो, कधी काहीच नाही. पुरुषाचे पुरुषाशी संबंध असतील तर डॉक्टरांना ते सांगायला हवं, कारण नुसत्या लघवीच्या तपासणीत घशातला किंवा गुदद्वारातला जंतू सापडत नाही.

आणि स्त्रीच्या शरीरात हा जंतू बहुतेकदा लोखंडाच्या गोळ्यासारखाच असतो. बाहेर काही दिसत नाही. दिसलं तरी थोडं अंगावर जाणं, ओटीपोटात दुखणं. ‘बायकांचं चालायचंच’ म्हणून सोडून दिलं जातं. आत मात्र जंतू गर्भाशयातून बीजनलिकांपर्यंत पोहोचतो. नलिकांना सूज येते, त्या चिकटतात, बंद होतात. मग मूल राहत नाही, किंवा गर्भ नलिकेतच वाढतो आणि जिवावर बेततं.

समजा, एका नवऱ्याला लग्नाच्या आसपास स्राव आला. त्याने कुठून तरी गोळ्या घेतल्या, स्राव थांबला, तो विसरून गेला. बायकोला त्याने काहीच सांगितलं नाही. चार वर्षांनी मूल होत नाही म्हणून नवस, उपास, अंगारे-धुपारे सुरू. सगळ्या तपासण्या तिच्या. दोष तिचा. ‘वांझ’ हा शब्द तिच्या वाट्याला. खूण त्याच्या शरीरावर उमटली होती, शिक्षा तिला झाली. मूल न होण्याची कारणं अनेक असतात, प्रत्येक वेळी हेच असतं असं मी म्हणत नाही. पण ज्या घरात हे कारण असतं, त्या घरात ते माहीत असलेला एकच माणूस असतो, आणि तो गप्प असतो.

गरोदरपणी संसर्ग असेल तर जन्मताना बाळाच्या डोळ्यांत जंतू जातो. एके काळी युरोपात यामुळे कितीतरी मुलं आंधळी होत. १८८० च्या सुमारास लाइपझिगच्या क्रेडे या डॉक्टरने नवजात बाळांच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकायला सुरुवात केली आणि हे प्रमाण झपाट्याने घसरलं. मोठ्यांच्याही डोळ्यांत तो हाताने जाऊ शकतो. म्हणून स्रावाला हात लागला तर साबणाने धुवा.

धूर विरला, तो कशाने?

आता सर्वांत फसवा भाग. काही न करताही स्राव काही आठवड्यांत कमी होऊ शकतो. जळजळ थांबते. म्हणजे रोग गेला का? नाही. जंतू आत राहू शकतो, पसरवू शकतो, मूत्रमार्गात व्रण करून पुढे लघवीची वाट अरुंद करू शकतो. क्वचित रक्तात जाऊन सांधे धरतो.

याच काळात तुम्ही एखादी पुडी घेतली असेल तर काय होईल? तुम्ही म्हणाल, पुडीने गुण आला. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ. संस्कृतात याला काकतालीय न्याय म्हणतात. जाहिरातबाज वैदूंचा सगळा धंदा या कावळ्यावर चाललाय. (हशा) ‘आधी हे, नंतर ते, म्हणून यामुळेच ते’ हा तर्कातला दोष आम्ही पहिल्या वर्षाला शिकवतो. इथे त्या दोषाची किंमत पैशात आणि शरीरात मोजावी लागते.

केमिस्टकडून स्वतःच्या मनाने ॲन्टिबायोटिक घेणं, हाही त्याचाच भाऊ. मित्राला लागू पडली ती गोळी मला. या जंतूची एक ख्याती आहे, तो औषधं पचवायला शिकतो. १९३० च्या दशकात सल्फा औषधं आली. काही वर्षांतच ती निकामी होऊ लागली. मग पेनिसिलिन आलं, त्यालाही तो पुरून उरला. टेट्रासायक्लिन, सिप्रोफ्लॉक्सासिन, सगळ्यांची तीच गत. आज खात्रीची औषधं थोडीच उरली आहेत. अर्धवट डोस म्हणजे त्या जंतूची शिकवणी. म्हणून योग्य औषध, पूर्ण मात्रा, आणि डॉक्टरच्या सल्ल्यानेच.

गुप्त आणि खाजगी

मराठीत आपण याला ‘गुप्तरोग’ म्हणतो. मला वाटतं या शब्दाने आपलं बरंच नुकसान केलं. खाजगी वेगळं, गुप्त वेगळं. माझा आजार खाजगी आहे, म्हणजे तो गावभर करण्याचं कारण नाही, डॉक्टरनेही करू नये. पण ज्या व्यक्तीच्या शरीराशी त्याचा थेट संबंध आहे तिच्यापासून लपवला, तर ते खाजगीपण उरत नाही, ती फसवणूक होते.

हा फरक महाराष्ट्राला सांगण्यासाठी र. धों. कर्वे यांनी आयुष्य घालवलं. गणिताचा हा प्राध्यापक. १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं. लैंगिक आरोग्यावर उघड, रोखठोक लिहिलं. अश्लीलतेचे खटले झाले. त्यातल्या एकात वाचकांच्या प्रश्नांना दिलेली उत्तरं हाच गुन्हा ठरवला गेला, आणि कर्व्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला ते हरले. पण मुद्दा राहिलाच : माणूस प्रश्न विचारतोय, त्याला उत्तर द्यायचं की नाही?

तर उत्तर देतो. शंका आली तर काय करायचं?

पहिलं, संबंध थांबवायचे. दुसरं, त्वचा व गुप्तरोग तज्ज्ञ, मूत्ररोग तज्ज्ञ किंवा आपला एमबीबीएस डॉक्टर गाठायचा. जिल्हा रुग्णालयांत आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत ‘सुरक्षा क्लिनिक’ असतं. तपासणी आणि औषध मोफत. तपासणीला जाण्याआधी एक-दोन तास लघवी करू नका, कारण लघवीच्या पहिल्या धारेत जंतू सापडतो. स्रावाचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तरी पुरुषात बऱ्याचदा निदान होतं. तिसरं, त्याच वेळी एचआयव्ही आणि उपदंशाची रक्ततपासणी करून घ्या, आणि डॉक्टर म्हणतील तेव्हा पुन्हा करा. संसर्ग ताजा असेल तर पहिली तपासणी कोरी येऊ शकते. इथेही तेच, धूर नाही म्हणजे अग्नी नाही असं नव्हे. चौथं, गेल्या दोन महिन्यांतल्या जोडीदारांना सांगायचं, त्यांना काहीही होत नसलं तरी. दोघांचेही उपचार झाल्यावर किमान सात दिवस संबंध नाहीत. एकट्याने औषध घेतलं तर जंतू परत येतो. आणि साधारण तीन महिन्यांनी पुन्हा एकदा तपासणी.

बायकोला सांगायचं कसं, हे मला विचाराल तर सोपा मार्ग नाही. पण न सांगण्याचा मार्ग तिच्या शरीरातून जातो. सांगणं जमत नसेल तर डॉक्टरांसमोर सांगा, समुपदेशकासमोर सांगा. ती चिडेल. तिला तो हक्क आहे.

चिठ्ठ्या

*सार्वजनिक शौचालयातून परमा होतो का?*

नाही. हा जंतू शरीराबाहेर फार काळ तग धरत नाही. शौचालय, पोहण्याचा तलाव, एकत्र जेवण यांतून तो होत नाही. शौचालयाचं कारण बहुधा घरी सांगण्यासाठी शोधलं जातं. (हशा)

*माझा बाहेर कुठेही संबंध नाही, तरी तपासणीत क्लॅमिडिया निघाला. म्हणजे पत्नीचा दोष समजायचा का?*

घाई करू नका. क्लॅमिडिया लक्षणांशिवाय कित्येक महिने, कधी त्याहून जास्त, शरीरात राहू शकतो. तो कुणाकडून आला, केव्हा आला, हे तपासणी सांगत नाही. कदाचित तुमच्या लग्नाआधीचाही असेल. तपासणी जंतू आहे एवढंच सांगते, चारित्र्याचा दाखला देत नाही. दोघांनी औषध घ्या, मग शांतपणे बोला.

*माझं वय ६८. लघवीला जळजळ होते, थेंब थेंब होते. हेच असेल का?*

या वयात प्रोस्टेट वाढणं, लघवीचा साधा संसर्ग, खडा, मधुमेह ही कारणं जास्त संभवतात. पण वय झालं म्हणून परमा होत नाही असंही नाही. संबंध असेल तर धोका आहे. डॉक्टरांनी विचारलं तर खरं सांगा. नातवासमोर सांगायला नको, त्याला बाहेर बसवा. (हशा)

*कंडोमने पूर्ण संरक्षण मिळतं का?*

परमा आणि क्लॅमिडियापासून चांगलं संरक्षण मिळतं, प्रत्येक वेळी आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत वापरला तर. मुखमैथुनातही वापरायला हवा, हे लोक विसरतात. उपदंश आणि नागीणसदृश फोड येणारा हर्पिस यांची जखम कंडोमने न झाकलेल्या जागी असेल तर धोका उरतो.

वेळ संपलाय, तीन-चार चिठ्ठ्या शिल्लक आहेत, त्यांची उत्तरं लेखी देईन. ज्यांना इथे चिठ्ठी पाठवायचाही संकोच वाटला त्यांच्यासाठी एक क्रमांक सांगून थांबतो. १०९७. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेची ही मोफत हेल्पलाइन आहे. नाव सांगावं लागत नाही. लिहून घ्या, स्वतःला नको असेल तर कुणाला तरी लागेल.